काळ्या एलसाठी हॉप्स कसे निवडावेत : फ्रीमाँटवासी नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडा. हे खरं तर सांगायला नको. फ्रीमाँटमधला मराठी माणूस पडदे घ्यायलाही शीट भरूनच निघतो. डाव्या रकान्यात हॉप्सच्या जाती लिहा. बाजारात शंभराहून जास्त मिळतात, तेव्हा एक शनिवार त्यातच जाईल. पुढच्या रकान्यांत अल्फा आम्ल, बीटा आम्ल, तेलाचं प्रमाण, पिकणारा देश आणि भाव. शेवटच्या रकान्यात विक्रेत्याने केलेलं वासाचं वर्णन उतरवून घ्या : देवदाराचं लाकूड, संत्र्याची साल, काळी मिरी, ओली माती, आणि एका लोकप्रिय जातीपुढे चक्क 'मांजर'. शीट पूर्ण झाली की मित्रांना पाठवा. एक जण तिला रंग देईल, दुसरा वजनी सरासरी काढेल, तिसरा मूळ प्रश्नच चुकीचा मांडलाय असं कळवेल. यथावकाश फ्रीजमधल्या यीस्टच्या पाकिटाची मुदत संपेल.

मग शीट बंद करा. काळ्या एलला, म्हणजे या काळ्या बिअरला, त्यातल्या पाच ओळी पुरतात, आणि पाचांतलीही एका वेळी एकच.

पात्रता

वय २१ पूर्ण हवं. बाकी कायदा तुमच्या बाजूने आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या विधेयकाने अमेरिकेत घरी बिअर करायला कराविना मुभा मिळाली; ती कलमं विधेयकात घुसवणारे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन कॅलिफोर्नियाचेच. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. विकायची मात्र नाही. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरांहून अधिक. लग्न झालेल्या नवशिक्याचा कोटा अशा रीतीने आपोआप दुप्पट होतो, बायकोला बिअरचा वासही सहन होत नसला तरी. सप्तपदीचा हा लाभ कोणत्याही गुरुजींनी सांगितलेला नसतो.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली नुसतं पिण्यासाठीही परवाना लागतो, आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. घरात बनवण्याचा विषयच नको. त्यामुळे पहिल्या खेपेला कायद्याची छापील प्रत ओट्याशेजारी ठेवावीशी वाटली तर खुशाल ठेवा. फक्त घाबरून भांड्यावर झाकण ठेवू नका. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पाणी उघडंच उकळायचं असतं, नाहीतर उडून जायला हवेत ते गंधकाचे वास आतच राहतात.

आधी रंग, मग हॉप्स

नवशिक्याची समजूत अशी असते की हॉप्स म्हणजे बिअर. पिवळ्या, फेसाळ आयपीएच्या बाबतीत ती फारशी चूक नाही. काळ्या एलमध्ये सत्ता भाजलेल्या धान्याची असते. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून पोर्टर ही इंग्लिश एल खरोखर काळी व्हायला लागली. भाजलेली बार्ली, चॉकलेट माल्ट, ब्लॅक पेटंट माल्ट ही मंडळी रंगाबरोबर कडूपणाही घेऊन येतात. म्हणजे हॉप्स भांड्यात पडायच्या आधीच थोडा कडूपणा हजर असतो. माल्टच्या गोडीला उरलेला आळा घालायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच हॉप्सचं काम. ते करून जी जात पुढे पुढे करते, ती या मार्गदर्शिकेच्या मते नापास.

(जाता जाता : कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांसाठी जहाजं भरून यायची ती पोर्टर. नाव मात्र आयपीएने, म्हणजे इंडिया पेल एलने, खाल्लं.)

हॉप्स हे भांगेच्या कुळातल्या एका वेलीचं मादी फूल आहे. ही माहिती पुढच्या गेट-टुगेदरमध्ये सांगायला उपयोगी. ती सांगितल्यावर पाहुण्यांपैकी निम्मे नको म्हणतात आणि उरलेले दोनदा मागतात. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. तिच्यातली अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू लागतात. सुगंधी तेलं मात्र तेवढ्या वेळात वाफेबरोबर जातात. नवशिक्याला लागणारं रसायनशास्त्र इथे संपलं.

कोणती काळी?

पुण्यात २००९ साली डूलाली ही ब्रूअरी सुरू झाली. त्याआधीच देश सोडलेल्यांची बिअरची व्याख्या अजून 'पिवळी आणि थंडगार' अशीच असते. त्यांच्यासाठी खुलासा : काळ्या एल अनेक आहेत आणि प्रत्येकीचा कडूपणा वेगळा. तो आयबीयू या एककात मोजतात. इंग्लिश पोर्टर साधारण १८ ते ३५, आयरिश वळणाची कोरडी स्टाउट २५ ते ४५, दुधाची साखर घातलेली गोड स्टाउट २० ते ४०, अमेरिकन स्टाउट ३५ पासून पार ७५ पर्यंत. पहिल्या खेपेला पोर्टर घ्या आणि २८ वर नेम धरा. २८ च का, असं शीटवाला मित्र विचारेल. त्याला सांगा की तीन-चारचा फरक जिभेला कळत नाही. तो निरुत्तर होणार नाही, पण थोडा वेळ मिळेल.

हिशोब

हा भाग फ्रीमाँटकरांना मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर. पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर बिअर करायची आहे असं धरा. ग्रॅममधलं वजन घ्या, त्याला अल्फा आम्लाच्या टक्क्याने गुणा, तासभर उकळल्यावर त्यातलं जवळजवळ २४ टक्केच कामी येतं म्हणून तो हिस्सा काढा, आलेल्या ग्रॅमचे मिलिग्रॅम करा आणि लिटरने भागा. ५ टक्के अल्फाचे ४५ ग्रॅम हॉप्स : ०.५४ ग्रॅम, म्हणजे ५४० मिलिग्रॅम, भागिले १९. उत्तर २८. झालं.

आता १३ टक्के अल्फाची मॅग्नम ही जात घेतली तर तेवढ्याच कडूपणाला १७ ग्रॅम पुरतात. काटकसरी माणसाचे डोळे इथे चमकतात. चमकू देत. पण एक ध्यानात ठेवा : अल्फाचा आकडा जातीचा नसतो, पाकिटाचा असतो. हॉप्स वर्षातून एकदा, ऑगस्ट-सप्टेंबरात काढतात आणि दर हंगामाला आकडा हलतो. फगल नावाचा तोच हॉप या वर्षी ५ टक्के आणि पुढच्या वर्षी साडेतीन भरला, तर तुमचे तेच ४५ ग्रॅम २८ ऐवजी २० वर येतील. पाककृती जशीच्या तशी उतरवून घेणारे इथे फसतात. पाकीट वाचा, मग तोला.

पाच ओळी

ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल हे दोघे इंग्रज. गोल्डिंग्जचा वास सौम्य, फुलांचा. फगल मातीच्या आणि लाकडाच्या वळणाचा. विलायती पोर्टर-स्टाउटची घडण याच जोडीवर झाली, त्यामुळे यांना नकार द्यायला कारण लागतं.

विलॅमेट हा फगलचा अमेरिकी वंशज, १९७६ साली ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडला. कास्केडही तिथलाच, १९७२ चा. या कॉर्व्हॅलिसचं आपल्याशी नातं आहे. गदर चळवळीतले आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे तिथल्याच शेतकी महाविद्यालयात शिकत होते. हॉप्सच्या या जाती निघायला अजून दोन पिढ्या अवकाश होता, आणि खानखोज्यांचं पुढचं काम मेक्सिकोत मका आणि गव्हावर झालं. तरी विलॅमेटचं पाकीट फोडताना ही गोष्ट सांगितली की मराठी मंडळात या छंदाला थोडी प्रतिष्ठा मिळते, असा अनुभव आहे.

नॉर्दर्न ब्रूअर हा चौथा. इंग्लंडच्या वाय कॉलेजात १९३४ साली जन्मला, पण नाव कमावलं ते खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ साली बुडत्या अँकर ब्रूअरीत पैसे घातले आणि पुढच्या दशकात तिथून जी पोर्टर निघाली, तिच्यात हाच हॉप होता. अल्फा ८ ते १०, वास किंचित पुदिन्याकडे आणि ओल्या लाकडाकडे झुकणारा. भाजलेल्या माल्टशी त्याचं चांगलं जमतं. अँकर २०२३ साली बंद पडली. तिची पोर्टर ज्यांनी प्यायली आहे त्यांनी गॅरेजमध्ये आठवणीवरून ती करून पाहावी. छंदासाठी याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

मॅग्नम पाचवा. स्वच्छ कडू, बाकी काही नाही. कामाला येतो, काम करतो, जातो.

माझं मत विचाराल तर नॉर्दर्न ब्रूअर, एकटा, पूर्ण तासभर उकळून. त्याबरोबर वासासाठी म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत मूठभर गोल्डिंग्ज घातले तर माफ आहे. त्याउपर काही घालू नका.

सिट्रावाला मित्र

प्रत्येक गटात एक असतो. तो सिट्रा, मोझेक किंवा गॅलक्सी हॉप्सचं चमकदार पाकीट घेऊन येतो आणि 'हे पण टाकू' म्हणतो. 'बघू', 'पुढच्या वेळी', 'तू बस ना' ही तीन उत्तरं तयार ठेवा. आंबा, लिची आणि द्राक्षफळाचा वास भाजलेल्या बार्लीवर ओतणं म्हणजे फिल्टर कॉफीत लिंबू पिळणं. तो ऐकणार नाही. तो ब्लॅक आयपीएचं उदाहरण देईल, आणि इथे त्याचं बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल : १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्माँटमध्ये ग्रेग नूनन यांच्या पबमध्ये काळी आणि तरीही हॉप्सने दरवळणारी एल निघाली होती. पण तिचा काळेपणा मुद्दाम सौम्य ठेवलेला असतो. साल काढलेलं माल्ट भाजून वापरतात, म्हणजे करपट चव येत नाही. ती वेगळी पाककृती आहे. सिएरा नेवाडाचे केन ग्रॉसमन यांनीही १९८० साली चिकोत पहिल्यांदा जी बिअर केली ती स्टाउटच होती, कास्केडची पेल एल मागून आली. हा क्रम मित्राला ऐकवा. एवढ्यावरही त्याने पाकीट फोडलंच, तर त्याला वेगळा एक गॅलनचा बुधला द्या आणि त्याचं नाव त्यावर लिहा.

तीर्थयात्रा

दुकानात जाण्याआधी एकदा ६८० वरून सुनोलची चढण ओलांडून प्लेझंटनला जा. तिथे हॉपयार्ड रोड नावाचा रस्ता आहे. आपल्यापैकी बरेच जण त्यावरून कामावर जातात, लाल सिग्नलला थांबून मीटिंगला हजेरी लावतात आणि पाटीकडे बघत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे प्लेझंटन हॉप कंपनीचे मळेच मळे होते, आणि तिथले हॉप्स आयर्लंडमधल्या डब्लिनला गिनेसकडे जात असत. फ्रीमाँटहून अर्ध्या तासावरचे हॉप्स त्या काळी जगातल्या सर्वांत नावाजलेल्या काळ्या बिअरमध्ये पडत होते, आणि आज आपण वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाहून पाकीट मागवतो. आता तिथे कार्यालयं, पार्किंग आणि एवढी एक पाटी आहे.

मळ्यांच्या आठवणी रम्यच असतात असं नाही. ऑगस्ट १९१३ मध्ये सॅक्रामेंटोच्या वर, व्हीटलंडच्या डर्स्ट मळ्यावर हॉप्स तोडायला काही हजार मजूर जमले होते. त्यांत हिंदुस्थानीही होते. कडक ऊन, शेतात प्यायला पाणी नाही, संडास जेमतेम नऊ. सभा झाली, शेरीफची माणसं आली, गोळ्या सुटल्या आणि चार जण मेले. कॅलिफोर्नियाच्या मजूर चळवळीच्या इतिहासात या दंगलीचं नाव पहिल्या पानांवर येतं. हॉप्सचं पाकीट आज दोन-तीन डॉलरला हातात पडतं, ते यंत्रांनी तोडलेलं असतं. तोडणीचं यंत्र बनवणारे क्लेमेन्स हॉर्स्ट हेही कॅलिफोर्नियातले हॉप्सचे मळेवालेच.

दुकानात

पाकीट हवाबंद, थंडीत ठेवलेलं आणि अलीकडच्या हंगामाचं हवं. पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या हॉप्सच्या गोळ्यांचा, रंग हिरवा हवा, तपकिरी नको. घरी आल्यावर वास घ्या. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर हॉप्स म्हातारे झालेत. ते कडूपणाला कदाचित चालतील, वासाला अजिबात नाही. उरलेलं पाकीट फ्रीझरमध्ये जातं, आणि मराठी घराच्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ, पुरणाचं सारण आणि गेल्या वर्षीचे मटार आधीच बसलेले असतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. इंग्रजी लेबलं आईबाबा वाचत नाहीत असं नाही, पण फ्रीझर उघडताना चष्मा लावत नाहीत.

पाणी

हा विषय बहुतेक पुस्तकं शेवटी ढकलतात. इथेही तेच केलं आहे. फ्रीमाँटच्या नळाला सिएराकडचं हेच हेची धरणाचं मऊ पाणी, राज्याच्या कालव्याचं पाणी आणि नाइल्सच्या भूगर्भातलं जड पाणी मिसळून येतं. काळ्या माल्टला थोडं जड पाणी मानवतं, कारण भाजलेलं धान्य आम्लधर्मी असतं आणि पाण्यातले क्षार ते सांभाळून घेतात. लंडन आणि डब्लिनला काळी बिअर फळली त्यामागे हेही एक कारण. सल्फेट जास्त असेल तर हॉप्सची धार बोचते, म्हणून काळ्या एलमध्ये जिप्सम घालू नका. नळाच्या पाण्यातलं क्लोरामीन नुसतं उकळून जात नाही. ते घालवायला कॅम्पडेनची एक गोळी वीस गॅलनला पुरते, तुमच्या भांड्याला तिचा तुकडाच लागेल.

परसातला वेल

हॉप्स आपणच लावू, हा विचार दुसऱ्या खेपेनंतर येतोच. फ्रीमाँटच्या हवेत वेल लागतो. तो पंधरा-वीस फूट चढतो, वाटेत शेजाऱ्याचं कुंपण आलं तर विचारत नाही. पहिल्या वर्षी फुलं जेमतेम. त्यांचा अल्फा आकडा घरी कळायला मार्ग नाही, म्हणून घरची फुलं कडूपणाच्या हिशोबात धरू नका. उकळीच्या अखेरीला घाला आणि पाहुण्यांना 'आमच्या परसातले' म्हणून सांगा. हौसिंग असोसिएशनचं पत्र आलं तर तोंडल्याचा वेल आहे असं सांगायचा मोह आवरा. तोंडली मागायला लोक येतात.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेले असताना

गॅरेजमधल्या बुधल्यातून 'बुडबुड' येणारच. ते काय आहे असं आईने विचारलं तर 'आंबवतोय' एवढंच सांगा. ही गोष्ट खरी आहे. आई बहुतेक 'पीठ सैल झालंय' म्हणेल आणि पुढे जाईल. बाबा रात्री येऊन हळूच विचारतील, कधी होईल म्हणून. तीन आठवडे सांगा, बाटल्यांत भरल्यावर आणखी दोन. विमानाच्या परतीच्या तारखेशी हा हिशोब आधीच जुळवून घ्या. बाटल्या तपकिरी काचेच्या वापरा. पांढऱ्या किंवा हिरव्या बाटलीला ऊन लागलं की हॉप्समधलं कडू रसायन फुटतं आणि स्कंक या प्राण्याचा वास येतो.

सफाई

उकळी संपल्यावर भांड्याच्या तळाशी हॉप्सचा हिरवा चोथा उरतो. तो बागेत वाफ्यावर टाकू नका आणि उघड्या बादलीत रात्रभर ठेवू नका. त्याला माल्टचा गोड वास असतो, कुत्रे तो चाटूनपुसून खातात, आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी आहेत : अंगातला ताप झपाट्याने चढतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ग्रेहाउंड आणि लॅब्राडोर यांना धोका अधिक. चोथा पिशवीत बांधून झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाका, आणि कुत्र्याने खाल्लाच तर वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या.